पंप चार, एकेक करून

ओवाशी उपकेंद्र, हिदाचे डोंगर,
शोवा एक्कावन्नचा जानेवारी.
छपरावर कमरेएवढं बर्फ,
आणि तीन नंबरचा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्यांदा गेला.

रात्रभर वीज नव्हतीच त्याला.
जोडायची होती सकाळी.
फक्त पंप सुरू होते, चारही,
थंड तेल फिरवत.
आत कुणी बोटं मोडावीत तसा आवाज
निशिगाकीनं ऐकला होता, पत्र्याला कान लावून.
त्याला आम्ही हसलो.
तेल म्हणजे निरोधक. तेल म्हणजे शांतता.
तेच तेल डोळ्यांत घालून आम्ही राखण करत होतो,
आणि सहा-चाळीसला खटका ओढला तेव्हा
टाकीनं एकदाच ढेकर दिली.

टाकी उपसायला आठ दिवस.
प्रेसबोर्डाच्या पट्ट्या निघाल्या, मधासारख्या पिवळ्या,
आणि जिथून तेल आत शिरतं त्या तोंडाशी
त्यांच्यावर काळी झाडं.
बिनपानांची, नखाएवढी,
मुळं कुठली, शेंडे कुठले, कळेना.

कारखान्यातून ओकिनो-सान आल्या.
सत्तावीस वर्षं कागद गुंडाळणाऱ्या.
ही गुंडाळी त्यांच्याच हातची.
एक पट्टी त्यांनी गालाला लावली.
"कोरडा होता," म्हणाल्या.
"मी हाडासारखा कोरडा करून दिला होता."
माफी होती ती, की अभिमान,
मला तेव्हाही कळलं नाही.

कुवाबारांनी मग सांगितलं, शेगडीवर हातमोजे वाळवत:
घासणं नसतं ते. भांडण नसतं.
तेल कागदाजवळून नुसतं जातं.
जाताना अधिक तेवढं घेऊन जातं,
उणं कागदाकडे राहतं.
तेल थांबलं तर दोघांचं पुन्हा जुळतं,
पण सवड लागते त्याला.
आणि कागद फार कोरडा असला
तर राहिलेलं कुठून परत करायचं,
वाटच उरत नाही त्याच्याकडे.

मग गप्प झाले.
हातमोजा उलटा करून पुन्हा वाळवायला घातला.
त्यांचा इसामु शरदात साओ पाउलोला गेला होता,
हे मला निशिगाकीनं नंतर सांगितलं.
पत्र आलं होतं. उत्तर गेलं नव्हतं.

दुरुस्तीनंतर माझ्या वाट्याला मोजणी आली.
गुंडाळीतून जमिनीकडे उतरणारी तार,
तिच्यात मीटर.
एक पंप: काटा जागचा हलला, इतकंच.
दुसरा लावला,
दुप्पट होईल वाटलं, चौपट झाला.
तिसऱ्याला हात घातला तर
कुवाबारांनी मनगट धरलं माझं.

वीस मिनिटं.

पुढे कधीतरी तेलात कसलीशी पूड मिसळू लागले,
दहा लाखांत दहा भाग, आणि काटा गुमान राहू लागला.
पण त्या हिवाळ्यात उपाय एकच होता.
खटक्याच्या वर चिकटवलेला कागद,
कुवाबारांच्या अक्षरात, शाई थोडी फुटलेली:
पंप चार, एकेक करून. मध्ये थांबा.

थांबलो.
निशिगाकीनं वाळवलेला पर्सिमन फाडला, तिघांत वाटला.
बाहेर तारांवरचं बर्फ
आपल्याच वजनानं धपकन पडत होतं.
काटा खाली येत होता,
इतका हळू की बघताना दिसायचा नाही,
मान वळवून परत पाहिलं तरच.

अकराव्या मिनिटाला कुवाबारांनी
खिशातून पेन काढलं.
मला वाटलं, आकडा लिहिणार.
वहीचं पान मात्र त्यांनी मागून उघडलं, कोऱ्या बाजूनं,
आणि मीटरकडे न बघता
बराच वेळ
पहिलाच शब्द लिहीत राहिले.